तसं म्हणता येणार नाही

माझ्या ताईचे यजमान समुद्रातल्या जीवाणूंवर संशोधन करतात. हे वाक्य मी लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, न्हाव्याच्या खुर्चीत कितीतरी वेळा उच्चारलं असेल. समोरचा माणूस एकतर "म्हणजे मासे का?" असं विचारतो, नाहीतर "मग आता आम्ही मासे खायचे की नाही?" असं. दोन्हींवर भाऊजींचं उत्तर एकच असतं: "तसं म्हणता येणार नाही."

विद्यापीठातली मुलं त्यांना पाठीमागे 'गाळेसर' म्हणतात. गाळे हे त्यांचं आडनाव नव्हे. पँटच्या खालच्या शिवणीला बारा महिने खाडीचा गाळ लागलेला असतो, म्हणून. असा एकेक गाळेसर किनाऱ्यावरच्या प्रत्येक विद्यापीठात असतो. मुंबईला असतो, रत्नागिरीला असतो, कोचीला तर दोन-तीन निघतील. आमचा पणजीजवळ आहे, इतकंच. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी काळा परमनंट मार्कर, चपला अशा की पाण्यात गेल्या काय आणि सेमिनारला गेल्या काय, आणि बोटांवर जांभळे डाग. जीवाणू काचेवर घेऊन रंगवायचा असतो, तो रंग क्रिस्टल व्हायोलेट. साबणाला तो जुमानत नाही.

या डागांनी एकदा मतदान केंद्रावर घोळ झाला. अधिकाऱ्याने बोट बघितलं आणि म्हणाला, "तुमचं झालंय." भाऊजी म्हणाले, "हा शाईचा डाग नाही, ग्राम स्टेनिंगचा आहे." "म्हणजे पुसला जाईल?" "तसं म्हणता येणार नाही." मागे रांग वाढत चाललेली. शेवटी त्यांनी दहाच्या दहा बोटं पुढे केली आणि विचारलं, की दहा वेळा मतदान केलेला माणूस अकराव्यांदा स्वतःच्या खऱ्या नावाने येईल का? अधिकाऱ्याला हा युक्तिवाद पटला की रांगेची दया आली, ते कळलं नाही.

आता समुद्राचा अभ्यास करणारा माणूस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वाऱ्यावर केस उडणारा, जहाजाच्या कठड्याला रेलून उभा असलेला कोणी येतो. भाऊजींना पोहता येत नाही. बोट लागते. मिरामारहून नुसती होडी हलताना दिसली तरी ते आल्याची वडी शोधतात. तरुणपणी एकदा 'सागर कन्या' या संशोधन-जहाजावर त्यांचा नंबर लागला होता. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरांपासून हजारेक मीटरांपर्यंत एक जाडजूड थर आहे. तिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच, आणि जगातल्या असल्या सर्वांत मोठ्या थरांत त्याची गणना होते. तिथले जीवाणू प्राणवायूवाचून अडत नाहीत, नायट्रेटवर श्वसन चालवतात. त्या थरातलं पाणी बाटल्यांत भरून वर आणायचं, हे भाऊजींचं काम. बाटल्या दुसऱ्यांनी उतरवल्या. भाऊजी बंकवर पडून होते, आणि प्राणवायूवाचून जगणं म्हणजे काय याची त्यांना त्या सफरीत जी कल्पना आली, ती पुढे त्यांच्या व्याख्यानांत फार उपयोगी पडली. तेव्हापासून त्यांचा समुद्र गुडघ्याएवढा: खाडी, खाजन, खारफुटीचा चिखल आणि रायबंदरची मिठागरं.

मिठागरांत ते एप्रिल-मेमध्ये जातात. पाणी आटत आटत समुद्राच्या लिटरमागे 35 ग्रॅम मिठावरून अडीचशेच्या पुढे जातं आणि काही वाफ्यांना गुलाबी झाक येते. ती मिठावर पोसणाऱ्या सूक्ष्मजीवांची. त्यांतल्या काहींच्या अंगात एक जांभळं प्रथिन असतं, सूर्यप्रकाशावर चालणारा पंपच तो. 1971 मध्ये ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. असे पँट वर दुमडून, डोक्याला पंचा गुंडाळून भाऊजी वाफ्यात उभे असताना पर्यटकांची गाडी थांबली आणि एका बाईंनी विचारलं, "भैया, नमक कैसे दिया?" भाऊजींनी वाफ्याची क्षारता सांगितली. बाई म्हणाल्या, "थोडा कम करो." ते गंभीरपणे म्हणाले, "अभी नहीं. बारिश में अपने आप होगा."

रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर पणजीच्या मासळी बाजारात जायला जिगर लागते. तिसऱ्यांच्या वाट्यांसमोर ते उकिडवे बसतात. "कुठल्या?" "झुआरीच्यो." "झुआरीच्या वरच्या अंगाच्या की मुखाकडच्या? ओहोटीला काढल्या का? किती वाजता?" नुस्तेकान्नीने अशी गिऱ्हाइकं पाहिलेली नसतात. ती शेजारणीकडे बघते, शेजारीण आभाळाकडे बघते आणि मग दोघी मिळून म्हणतात, "घेता जाल्यार घे, ना जाल्यार वच मरे!" भाऊजी उठत नाहीत. तिथेच मला समजावून देतात, की शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. गटाराचं पाणी मिसळलं असेल तर गटारातले जीवाणू, शिसं असेल तर शिसं. आजूबाजूची चार गिऱ्हाइकं हे ऐकून चिकनच्या दिशेने निघून जातात. भाऊजी दोन वाटे घेतात. दुपारी तिसऱ्यांचं सुकं दोनदा मागून घेतात. मी एकदा धीर करून विचारलं, "भाऊजी, मघाचं ते जीवाणूंचं?"

"उकळीला मरतात."

"आणि शिसं?"

ते ताईकडे वळले. "खोबरं अंमळ जास्त असतं तर आणखी छान झालं असतं."

सांडपाण्याच्या जीवाणूंची मोजणी हा त्यांच्या खात्याचा बारमाही उद्योग. पाण्याचे ठरावीक भाग नळ्यांमधल्या रश्शात घालायचे, कुठल्या नळ्यांत वायू धरतो ते पाहायचं आणि तक्त्यावरून आकडा काढायचा. आंघोळीच्या समुद्राला आपल्याकडची मर्यादा आहे 100 मिलीलीटरला 100. पण हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष डोकी मोजणं नव्हे. बहुधा इतके असावेत असा तो हिशेब आहे आणि त्याच्यासोबत खालची आणि वरची हद्दही द्यावी लागते. ज्याचा जन्म असल्या तक्त्यात गेला त्याला घरच्या कार्याला किती माणसं येतील हे विचारू नये. ताईने भाचीच्या साखरपुड्याच्या वेळी विचारलं, तेही केटररला फोनवर ठेवून. "ऐंशी," भाऊजी म्हणाले, "पण पंचाण्णव टक्के खात्रीने बोलायचं तर बावन्न ते एकशे तीस." केटररने पुढचं ऐकलं नाही.

त्यांच्या डोक्यात आकडे मात्र पक्के असतात. मुलगा लहान असताना मिरामारला लाटेत गडगडला, नाकातोंडात पाणी गेलं. ताई साडीसकट पाण्यात धावली. भाऊजी काठावरून अंदाज घेत म्हणाले, "पाचेक मिली गेलं असेल. म्हणजे पन्नास लाख जीवाणू. विषाणू पाच कोटी." समुद्राच्या मिलीलीटरभर पाण्यात सरासरी दहाएक लाख जीवाणू आणि त्यांच्या दसपट विषाणू असतात, हे खरंच आहे. ताईने पोराला उलटं धरलेलं. "बहुतेक सगळे निरुपद्रवी," भाऊजींनी धीर दिला. 'बहुतेक' या शब्दावरून पुढे तीन दिवस त्या घरात स्वयंपाक झाला नाही.

घरच्या फ्रिजचा खालचा कप्पा त्यांचा. हे कुठल्याच नियमात बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण खारफुटीत संध्याकाळ झाली आणि खात्याला कुलूप लागलं, तर चिखल रात्रभर ठेवायचा कुठे? म्हणून श्रीखंडाच्या डब्यात चिखल, वर मार्करने "आर-7, खाऊ नये". त्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येतो. भाऊजी म्हणतात की वास आला म्हणजे आतली मंडळी खुशाल आहेत. गंधकावर जगणारे जीवाणू तो वायू सोडतात. ताईने काही दिवस सोसलं. मग तिने सोलकढीच्या भांड्यावर, लोणच्याच्या बरणीवर आणि सुक्या बांगड्याच्या डब्यावर तोच मार्कर घेऊन "हेही खाऊ नये" असं लिहिलं. भाऊजी लिखित सूचना पाळणारे. तीन दिवस त्यांनी वरण-भातावर काढले आणि कारण विचारलं नाही.

पण विज्ञानाच्या इतिहासातला एक भाग असा आहे, जो ताई भाऊजींपेक्षा चांगला सांगते. पूर्वी जीवाणू जिलेटिनच्या थरावर वाढवत. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, आणि नाही वितळलं तर काही जीवाणू ते खाऊनच टाकायचे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे एक डॉक्टर याच त्रासाने वैतागलेले. 1881 मध्ये त्यांनी बायकोला, फॅनीला विचारलं, की तुझ्या जेली एवढ्या उकाड्यात कशा गं टिकतात? ती म्हणाली, अगर घालते. समुद्रशेवाळापासून काढलेला हा पदार्थ तिला जावाहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळला होता. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत अगर. आपण चायना ग्रास म्हणतो ते हेच. कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाच्या जीवाणूवर लिहिलं त्यात अगरचा उल्लेख आहे, फॅनीचा नाही. इथे ताई थांबते आणि भाऊजींकडे बघते, जणू तो निबंध त्यांनीच लिहिला होता.

या कथेचा एक परिणाम असा झाला की भाऊजी चायना ग्रासचं पुडिंग माणसासारखं खाऊ शकत नाहीत. पाहुण्यांसमोर नारळाच्या दुधाचं पांढरंशुभ्र पुडिंग आलं. सगळ्यांनी चमचे उचलले. भाऊजींनी बशी उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि पृष्ठभागावर काही उगवलंय का ते पाहिलं. मग समाधानाने म्हणाले, "स्वच्छ आहे." पाहुणे बराच वेळ एकमेकांकडे बघत होते.

थाळीत काय उगवतं, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. कारण समुद्रातल्या शंभरांतला एखादाच जीवाणू थाळीत उगवतो, बाकीचे प्रयोगशाळेत पाऊलच टाकत नाहीत. समुद्रात ज्यांची संख्या सर्वांत जास्त, त्यांतल्या एका गटाचा पत्ता 1990 मध्ये नुसत्या जनुकांवरून लागला, आणि त्यातला एक हाताशी वाढवायला 2002 साल उजाडलं. तोही कसा, तर रश्शात भरपूर खाऊ घालून नव्हे, जवळजवळ उपाशी ठेवून. भाऊजी ही गोष्ट सांगताना हळवे होतात. "आपण इतकी वर्षं त्यांना नुसतं ताटावर बसवत होतो रे!" ते म्हणतात. तीस वर्षं नोकरी करून समुद्राच्या शंभरातल्या एका हिश्शाशी ओळख झाली, असा स्वतःचा हिशेब ते सांगतात. निवृत्तीच्या भाषणात लोक याहून बरंच जास्त सांगतात.

मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. म्हणजे माझा आणि भाऊजींचा धंदा एकमेकांच्या उरावर बसलेला. मला संध्याकाळी सातपर्यंत सहा शब्दांचा मथळा लागतो. भाऊजींची सगळ्यात छोटी ओळ अशी: "निर्जंतुक केलेल्या समुद्रपाण्यात, 28 अंशाला, हलवत ठेवलेल्या फ्लास्कमध्ये, नत्र आणि स्फुरद बाहेरून घातलं असता, या विशिष्ट वाणाने सात दिवसांत डिझेलमधल्या काही घटकांचं प्रमाण कमी केलेलं दिसलं." मी मथळा दिला, 'तेल खाणारा जीवाणू गोव्यात'. भाऊजी कार्यालयात आले. आरडाओरडा करणारा माणूस परवडतो. भाऊजी खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, "पहिल्यापासून बोलू."

पहिल्यापासून म्हणजे डांबरगोळ्यांपासून. पावसाळ्याच्या तोंडाला गोव्याच्या किनाऱ्यांवर काळे चिकट गोळे येऊन पडतात. तळव्याला चिकटले की रॉकेल लावून खरवडावे लागतात. समुद्रात सांडलेल्या किंवा जहाजांनी धुऊन टाकलेल्या तेलाचे ते उरलेले अवशेष. हलका भाग हवेत उडून जातो, काही भाग जीवाणू खातात, आणि जे कोणालाच नको असतं ते गोळा होऊन आपल्या पायाशी येतं. तेल खाणारे जीवाणू समुद्रात आधीपासून आहेत. अल्कॅनिव्होरॅक्स नावाचा एक तर जवळजवळ तेलावरच जगतो. त्याच्या एका जातीला जर्मनीच्या बोर्कुम बेटावरून 1998 मध्ये नाव मिळालं. स्वच्छ पाण्यात तो औषधाला सापडतो आणि तेल सांडलं की बघता बघता माजतो. पण नुसत्या तेलावर त्याचंही भागत नाही, नत्र आणि स्फुरद लागतंच. "म्हणजे बाटलीतून जीवाणू ओतले आणि समुद्र साफ झाला..." मी सुरुवात केली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मग आनंदमोहन चक्रवर्ती. मूळचे बंगालचे, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. तेलातले वेगवेगळे घटक पचवणारा जीवाणू त्यांनी प्रयोगशाळेत घडवला, 1972 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो हक्क मान्य केला. सजीवावर पेटंट! जगभर गाजलेला खटला. "आणि तो जीवाणू?" मी विचारलं. "तो समुद्रात कधी सोडलाच नाही," भाऊजी म्हणाले. "खटला जिंकायला जीवाणू लागतो, समुद्र लागत नाही." हे वाक्य मला मथळ्याला चाललं असतं. त्यांनी छापू दिलं नाही. म्हणाले, त्यात अतिव्याप्ती आहे.

प्लास्टिकचं तर विचारायलाच नको. आमच्या संपादकांना वर्षातून एकदा प्लास्टिक खाणारा जीवाणू हवा असतो, बहुतेक पर्यावरणदिनाच्या आसपास. 2016 मध्ये जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या एका जागेजवळ असा जीवाणू सापडला खरा. त्याचं एक प्रथिन बाटलीच्या प्लास्टिकचे दुवे तोडतं. "समुद्रातला नव्हे," भाऊजी फोनवर म्हणाले. "जमिनीवरचा. आणि अख्खी बाटली नव्हे, पातळ नरम फिल्म. आणि 30 अंशाला सहा आठवडे." संपादक म्हणाले, "मग मांडवीत टाकलेल्या बाटलीला किती लागतील?" मी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे नकार त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावा.

पाऱ्याचा विषय निघाला तेव्हा मात्र मला वाटलं, इथे तरी ठाम काहीतरी मिळेल. पारा सोसणारे जीवाणू आपल्या किनाऱ्यावरून मिळालेले आहेत. त्यांच्यापाशी मर्क्युरिक रिडक्टेज नावाचं प्रथिन असतं, ते विषारी पाऱ्याचं रूप बदलतं. "म्हणजे पारा नष्ट?" मी पेन सरसावलं. भाऊजी म्हणाले, "मूलद्रव्य नष्ट कसं होईल? त्याची वाफ होते, पेशीतून निघून जाते." ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरची बाई कचरा आमच्या गॅलरीत टाकते तसंच की! तिचं घर चकचकीत." भाऊजींनी क्षणभर विचार केला आणि, मी पाहिलंय, वहीत लिहून घेतलं. शिवाय त्याच चिखलात, जिथे प्राणवायू नाही तिथे, दुसरे जीवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. मिनामाताच्या लोकांना माशांतून ज्याने गाठलं तोच हा, 1956 मध्ये उजेडात आलेला. एकाच मूठभर चिखलात वैद्यही आणि मारेकरीही. आता बातमी कोणाची करायची?

भाऊजींचं खरं राज्य म्हणजे खात्यातली कोल्ड रूम. प्रथिनाचा स्वभाव नाजूक. उकाडा झाला की ते बिघडतं, म्हणून जीवाणूतून ते वेगळं काढण्याचं काम 4 अंशांत करायचं. बाहेर गोव्याचा मे महिना, आंब्याखाली कुत्री जिभा काढून पडलेली, आणि आत भाऊजी माकडटोपी, मफलर आणि ताईने विणलेला स्वेटर घालून कॉलममधून टपटपणाऱ्या थेंबांकडे बघत बसलेले. खात्यातल्या शिपायाला पाहुण्यांनी विचारलं, "सर कुठे?" तो म्हणाला, "हिमालयात." या तपश्चर्येत त्यांच्यासोबत सावंतवाडीची एक संशोधक मुलगी असते. तिची फेलोशिप संपली, प्रबंध संपलेला नाही. खाडीतल्या जीवाणूचं एक प्रथिन ती शुद्ध करतेय आणि ते दरवेळी ऐन वेळी नळीच्या तळाला पांढरं होऊन बसतं. या मंडळींच्या भाषेत 'क्रॅश' होतं. जेलवर त्याची एकच स्वच्छ निळी रेघ दिसायला हवी, तिला हे बँड म्हणतात. मुलीच्या घरी लग्न ठरलंय. तिची आई दर आठवड्याला विचारते, "बँडचं काय झालं?" आणि मुलगी खरं तेच सांगते, "दोन-तीन आलेत, पण पुसट."

मुलांचा धीर सुटला की भाऊजी त्यांना शिमोमुरांची गोष्ट सांगतात. ओसामु शिमोमुरा, जपानी शास्त्रज्ञ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला ते चमकणाऱ्या जेलीफिशमधून प्रकाशाचं प्रथिन काढत होते. 1962 च्या निबंधात त्याच्याबरोबर एक हिरवं चमकणारं प्रथिनही नोंदलं गेलं. पुढची कित्येक वर्षं उन्हाळा आला की बायकामुलांसकट जाळी घेऊन धक्क्यावर. सगळे मिळून साडेआठ लाखांच्या आसपास जेलीफिश पकडले. त्या हिरव्या प्रथिनासाठी 2008 मध्ये नोबेल, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासोबत. आज पेशीत काय कुठे चाललंय ते बघायला जगभर तेच प्रथिन दिव्यासारखं वापरतात. मुलं सुखावतात. इथे थांबावं की नाही? पण भाऊजी ते भाऊजी. "त्या प्रथिनाचं जनुक 1992 मध्ये ज्यांनी वेगळं केलं ते डग्लस प्रॅशर," ते पुढे सांगतात, "त्यांचं अनुदान संपलं. जनुक त्यांनी चाल्फी आणि त्सिएन यांना देऊन टाकलं. नोबेल जाहीर झालं तेव्हा ते अलाबामात मोटारीच्या एका शोरूमच्या गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते." सावंतवाडीच्या मुलीने हे ऐकून ड्रायव्हिंग क्लास लावला. ताईला मात्र गोष्टीतला बायकामुलांचा भाग तेवढा लागला. कारण कोलव्याच्या सुट्टीत भाऊजी प्रत्येकाच्या हातात एकेक निर्जंतुक बाटली देतात, ती कशासाठी, हे तिला त्या दिवशी कळलं.

एक स्वप्न त्यांनी फार दिवस जपलं होतं. आपल्या खाडीतून एखादी नवी जात मिळावी आणि तिला गावाचं नाव द्यावं. एकदा ते हाताशी आलंही होतं. नारिंगी रंगाची सुबक वसाहत, पुस्तकात कुठे सापडेना. ज्या जनुकावरून ओळख पटवतात ते साधारण 98.7 टक्क्यांहून कमी जुळलं, तर नवी जात म्हणून दावा करायची वाट उघडते. मग आणखी कसोट्या, मग दोन देशांतल्या दोन संग्रहांत ती ठेवायची, मग नाव. भाऊजींनी नाव आधीच ठरवून ठेवलेलं, लॅटिन व्याकरणासकट. निकाल आला: 99.8. कोरियाच्या किनाऱ्यावरच्या चिखलातून कोणीतरी आदल्याच वर्षी तिला नाव देऊन मोकळं झालेलं. भाऊजी त्या दिवशी लवकर घरी आले. जेवताना म्हणाले, "म्हणजे तिथेही आहे ती. किती लांब गेलीय बघ." आनंदाने की दुःखाने म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. ताईने त्या दिवशी सोलकढीच्या भांड्यावरची सूचना पुसली.

परवा झुआरीकाठच्या एका गावात मासे मेले. सकाळी पाण्यावर पांढरी पोटं. गावाने बैठक बोलावली, अधिकारी आले, आणि पाण्याचे नमुने तपासणारे म्हणून भाऊजींना पुढच्या खुर्चीत बसवलं. शेजारी सावंतवाडीची मुलगी, मांडीवर वही. मी बातमीला गेलेलो. अधिकारी तासभर बोलले आणि त्यांच्या बोलण्यात 'मानक', 'निकष' आणि 'योग्य ती कार्यवाही' एवढंच सापडलं. मग भाऊजी उठले. विरघळलेला प्राणवायू, अमोनिया, मोजणीच्या नळ्या, भरती, ओहोटी, खालची हद्द, वरची हद्द. लोक चुळबुळायला लागले. मागे बसलेला एक म्हातारा रापणकार उभा राहिला. म्हणाला, "सर, आमकां एकूच सांग. उदक बरें आसा काय ना?"

मी वही मिटायला घेतली. उत्तर मला पाठ होतं.

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ना," ते म्हणाले, आणि खाली बसले.

अट नाही, तापमान नाही, टक्के नाहीत. मुलीच्या हातून पेन पडलं. अधिकारी एकमेकांकडे वळले. म्हातारा मान हलवून बसला, त्याला हे आधीच ठाऊक होतं. मी धावत कार्यालयात गेलो. सहा शब्दही लागले नाहीत. 'पाणी चांगलं नाही: शास्त्रज्ञांचा निर्वाळा'. पहिल्या पानावर, चार कॉलम.

सकाळी सहाला फोन.

"बातमी वाचली."

"भाऊजी, तुम्ही बोललात तेच शब्दशः घातलंय."

"नमुना कुठल्या दिवशी, किती वाजता घेतला, भरती होती की ओहोटी, यातलं काहीच नाही तुझ्या बातमीत. त्याशिवाय त्या 'ना'ला अर्थ काय? शुद्धिपत्र दे. आणि माझं नाव तीनदा आलंय. नळ्या त्या मुलीने लावल्या, रात्री अडीचपर्यंत मोजल्या, तिचं नाव एकदाही नाही. तेही घाल."

मी म्हटलं, "भाऊजी, शुद्धिपत्राला चार ओळींची जागा असते."

"मग माझं नाव काढ," ते म्हणाले. "भरतीची वेळ ठेव."